लव्हाळ्याचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळी ७
लॉनमध्ये लव्हाळा शिरलाय. अकरा ठिकाणी. हिचं म्हणणं, लॉन काढा, मी भाजी लावते. मी मुदत मागून घेतली. ही एकतीस तारखेला पाहणी करणार. लव्हाळा दिसला तर अख्खं अंगण तिचं. ऑफिसात पस्तीस वर्षं माणसं सरळ केली. गवत ते काय.

४ मार्च
माळी म्हणाला, साहेब, खणू नका. खाली गाठी असतात, तुटल्या की एकीच्या दहा होतात. पात्याला औषध चोपडायचं, पुन्हा आलं की पुन्हा. वर्ष जाईल म्हणे. अंगात आळस असला की माणूस असलं शास्त्र काढतो. कामावरून काढला.

५ मार्च
स्वतः उपटायला बसलो. पातं हातात, गाठ खालीच. कंबर धरली. आडवं पडून नियोजन.

८ मार्च
अकराचे चाळीस झाले. शेजारचे निवृत्त मास्तर रोज अर्धा तास खुरपं घेऊन उकिडवे बसतात. त्यांच्याकडे एक लव्हाळा नाही. डोकं चालत नसलं की हात चालवावे लागतात.

९ मार्च
पॉवर टिलर भाड्याने आणला. दीड तासात सगळं लॉन उलथंपालथं. वर इंपोर्टेड गवताचं बी, भरपूर पाणी. ही म्हणाली, माळी खणू नका म्हणाला होता ना? मी म्हटलं, टिलर फिरवू नका असं कुठे म्हणाला होता?

१९ मार्च
उगवलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकसारखं, टोकदार, चकचकीत. पाकिटावर पंधरा दिवस लिहिलेत, मी दहात करून दाखवलं. मुलीला फोटो पाठवला. तिने विचारलं, बाबा, हे इतकं उंच असतं का? शहाणी. तिच्या कुंडीत मनी प्लांटही जगत नाही.

२२ मार्च
मास्तर आले. न विचारता एक काडी उपटली, बोटांत फिरवली, म्हणाले, देठ तिकोनी आहे, गवताचा गोल असतो, काय ते ओळखा. या वयात इतका मत्सर बरा नाही.

२७ मार्च
गवताला तांबूस तुरे आलेत. पाकिटावरच्या चित्रात तुरे नाहीत. छापणाऱ्याची चूक. कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं.

३१ मार्च, संध्याकाळी
पाहणी झाली. हिने माळ्याला बोलावून घेतलं होतं. त्याने एक रोप खणून काढलं, मुळाला गाठींची माळच होती. ते माझ्या हातात दिलं. मी जुन्या अकरा जागा दाखवायला गेलो. सापडल्या नाहीत. आता सगळी मिळून एकच जागा आहे.
ही चिडली नाही. म्हणाली, या मातीत भाजी लावून जन्मभर लव्हाळा खुरपत कोण बसणार? ठेवा तुमचं अंगण तुम्हालाच.
म्हणजे मी जिंकलो.
मास्तरांनी तिला त्यांच्याकडे दोन वाफे दिलेत. माळीही तिकडेच. माझं लॉन पलीकडे सरकू नये म्हणून तिघांनी कुंपणालगत जमिनीत पत्रे पुरायला घेतले. मी हरकत घेतली नाही.
पत्रा धरायला माणूस कमी पडत होता. हिने हाक मारली.
तासभर धरून उभा होतो.