सेमिसीच्या कॅमेऱ्याला काही झालेलं नाही

२ ऑगस्ट २०११, मंगळवार

पुन्हा वाळू! सकाळपासून तीन कॅमेरे आले, तिन्हींची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकलेली. जर्मन बाई तर काउंटरवर रडायच्या बेतात. म्हटलं, काल कुठे ठेवला होता? किनाऱ्यावर, टॉवेलमध्ये गुंडाळून. मग दुसरं काय होणार! कागदाची पातळ पट्टी कापली, नळ्यांच्या फटीतून गोल फिरवली, रबरी फुग्यानं हवा मारली, तोंड खाली करून तळहातावर दोनदा हलकेच आपटला. झूम सुटला. बाईनं मला मिठीच मारली.

दुपारी भावजय आली, लूसिया, सेमिसीचा कॅमेरा घेऊन. "वन्सं, ह्यांचाही अडकलाय बघा." स्वतः कसा येईल तो? दुकानात मी एकटी असते. भाऊ बहिणीसमोर एकटा उभा राहून गप्पा मारतोय हे आमच्या नेयाफू गावात कुणी पाहिलं, तर गावाला चार दिवस पुरेल. बेटावरची रीतच ती, लहानपणापासून असंच – तो पडवीत तर मी आत, तो आत तर मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी. एका खोलीत बसून टीव्हीसुद्धा कधी पाहिला नाही. मी बावन्न वर्षांची, तो एकोणपन्नास. आता त्याचं काही वाटत नाही.

त्याच्या लेन्समध्येही वाळूच. चांगली चिमूटभर. दिवसभर बोटीवर असणाऱ्याच्या कॅमेऱ्यात एवढी वाळू आली कुठून कोण जाणे. साफ करून दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. माझी चिठ्ठी सगळ्यांना एकच – पुढे गिऱ्हाइकाची तक्रार, मागे मी काय केलं ते. मागे लिहिलं, "वाळू. काढली. खिशात ठेवू नकोस."

५ ऑगस्ट, शुक्रवार

सेमिसीचा कॅमेरा परत. तक्रार त्याच्याच अक्षरात – "व्ह्यूफाइंडरमध्ये काळा डाग. मधोमध."

डोळा लावून पाहिलं. डाग नाही. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. (चष्मा नवा आहे माझा, मे महिन्यात बाहेरचे डोळ्यांचे डॉक्टर आले होते तेव्हाचा, अजून नाकावर टोचतो.) बाजूची चष्मेवाल्यांसाठीची चकती फिरवून पाहिली. काच लख्ख. तरी स्पिरिटनं पुसली. "डाग नाही. काच पुसली."

त्याला ही डोळा लावायची खिडकी नीट हवीच. देवमासे दाखवायला लोकांना घेऊन जातो, त्यांना पाण्यात सोडतो, बोट हळू वळवत त्यांचे फोटो काढतो, मग मी ते छापते. समुद्रावरच्या उन्हात कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. डोळा लावूनच काढावे लागतात.

६ ऑगस्ट, शनिवार

तिसऱ्यांदा! "खिडकी तिरकी झाली आहे. फोटो बाजूला जातात."

वाकडी खिडकी की वाकडा फोटोग्राफर? पण भावाला असं लिहिता येत नाही. कॅमेरा ड्रॉवरमध्ये टाकला. सोमवारी बघते.

७ ऑगस्ट, रविवार

चर्च. मग जेवण. मग झोप. रविवारी काम नाही, पोहणं नाही, बोट नाही – देशाचा कायदाच आहे. मी दोनदा उठून ड्रॉवरला हात लावून आले. उघडला नाही. हात नुसते शिवशिवतायत. देवानं सहा दिवसांत जग केलं, त्याच्याकडे दुरुस्तीला काही राहिलं नसेल, म्हणून सातव्या दिवशी स्वस्थ बसता आलं.

८ ऑगस्ट, सोमवार

कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवला. समोर भिंतीवर कॅलेंडर. खिडकीत आजची तारीख मधोमध धरली, फोटो काढला. किंचित सरकलेली – ती जवळून सरकतेच. खिडकी लेन्सच्या वर डाव्या अंगाला असते, जवळचं माणूस खिडकीत अख्खं दिसतं आणि फोटोत त्याचं डोकं उडतं. हे मी अख्ख्या बेटाला सांगून थकले. मग बाहेर जाऊन चर्चचा मनोरा धरला. लांबून. बरोबर मधोमध आला. झूम पुढे नेला, मागे आणला – खिडकीही झूमबरोबर सरकते, आत बारीक दातेरी चाकं असतात. एखादा दात निसटला असेल म्हणून झाकण उघडलं. सगळे दात जागेवर.

मग कार्ड पाहिलं, या मोसमातलं पहिलंच. दोनशेच्या वर फोटो. देवमासा डाव्या कडेला. शेपटी डाव्या कडेला, तीही अर्धी. एकात नुसता समुद्र आणि कडेला एका बाईचा एक हात. एकही मधोमध नाही! कार्डावर गेल्या वर्षीचेही काही राहिलेत – त्यांत देवमासा चौकटीच्या मध्यावर, डोळ्यासकट. सेमिसीची नजर अशीच होती. लहानपणी नीरफणसाला दगड मारायचा तर देठालाच.

हे मला आवडलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं, "तपासला. ठीक आहे." छापलेले फोटो त्यातल्या त्यात बरे निवडून वेगळे ठेवले.

११ ऑगस्ट, गुरुवार

फोटो न्यायला फोलाऊ आला. सेमिसीच्या बोटीवरचा जुना माणूस, तोंड कधी मिटत नाही. "ताई, आज आमच्या कॅप्टननं लाल बोयाचा मुका घेतला. रंग लागलाय अजून बोटीच्या गालाला." मी विचारलं, कसा काय? "म्हणाले, डोळ्यांवर ऊन आलं." मग त्याचं हसू थांबलं. "सकाळचे साडेनऊ होते, ताई. सूर्य आमच्या पाठीशी होता."

"दुसरा कुणी बोलला?"

"कॅप्टनला कोण बोलणार? आम्ही सगळे म्हणालो, हो, ऊन फार आहे. – आणि तुम्हाला मी काही सांगितलेलं नाही हं."

तो गेल्यावर दुकानाची पाटी उलटी केली. काळ्या कागदाचा मिरीएवढा ठिपका कापला, माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर मधोमध चिकटवला. धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबाचा फोटो काढायला गेले. खांब ठिपक्यामागे गेला. दिसावा म्हणून मी कॅमेरा जरासा उजवीकडे वळवला. खांब दिसला. फोटो काढला.

खांब डाव्या कडेला. अर्धा.

दहा काढले, दहाही तसेच. सेमिसीच्या फोटोंशेजारी ठेवले तर कुणाचे कुठले सांगता येऊ नये. डाग आहे. मधोमध आहे. त्यानं खरंच लिहिलं होतं. फक्त तो कॅमेऱ्यात नाही.

बाबांचं असंच झालं. साखर. आधी उजवा डोळा, मग दोन्ही.

आणि सेमिसीच्या बोटीभोवती पाण्यात माणसं असतात. खाली पंखा फिरत असतो.

१३ ऑगस्ट, शनिवार

लूसिया नारळाच्या दुधातली अळूची पानं घेऊन आली. सरळ विचारावं तर नवऱ्याच्या शरीराबद्दल ती नणंदेशी बोलणार कशी, आणि मी तरी भावाच्या डोळ्याबद्दल कुठल्या तोंडानं विचारू? आडून आडून गेले. चहात साखर किती घालतो, झोप लागते का.

"काय सांगू वन्सं. आले की खुर्चीत बसतात. दिवा लावू नको म्हणतात." मग म्हणाली, "तीनदा देऊन कॅमेरा नीट होईना, म्हटलं बाजाराजवळच्या दुकानात देऊन बघू. तर अंगावर आले. म्हणाले, बहिणीकडेच न्यायचा."

मी तिला पपई दिली आणि वाटेला लावली. दुसरं काय करणार होते.

एक शब्द टाकला की तो बोटीवरून उतरेल. आमच्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. म्हणून तर तो टाकवत नाही. आयुष्यात एकदाच वापरलाय. तो एकोणीस वर्षांचा होता, ऑकलंडच्या मोठ्या जहाजावर काम मिळालं होतं, पेटी भरून तयार. आई आजारी. मी म्हटलं, जाऊ नकोस. त्यानं पेटी सोडली. तीस वर्षांत एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. त्याचं जहाज मी घेतलं. आता ही बोटही मीच घेऊ? आणि मी चुकत असले तर? मी काही डॉक्टर नाही. लेन्समधली वाळू काढणारी बाई आहे.

१४ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होता. स्तोत्राचं पुस्तक उघडलंच नाही. सगळी पाठ आहेत त्याला – असं मी स्वतःला सांगितलं. मग प्रवचनभर त्याच्या मानेकडे बघत बसले. पाद्र्याचं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार

त्याला चिठ्ठी नाही लिहिली. भित्री आहे मी.

१६ ऑगस्ट, मंगळवार

चौथ्यांदा. "डाग वाढला."

कॅमेरा हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात फोलाऊ आला. पाण्याचा पेला रिकामा केला, मग बोलला. सकाळी एक फ्रेंच माणूस पाण्यात, पिवळी नळी तोंडात. बोट सरळ त्याच्या अंगावर. "मी ओरडलो, ताई. कॅप्टनला नावानं ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी इंजिन बंद केलं. तो माणूस दोन हातांवर होता." फ्रेंच माणसाला कळलंही नाही. वर येऊन हसत होता.

"आणि सेमिसी?"

"चाक सोडेचनात. मी हात सोडवले."

फोलाऊ गेला. मी चिठ्ठी घेतली. मागच्या बाजूला लिहिलं –

"कॅमेऱ्यात बिघाड नाही. उद्यापासून तू बोट चालवायची नाही. शुक्रवारच्या विमानानं राजधानीला, नुकुआलोफाला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते आहे. दोन रांगा मागे बसेन. – तुझी बहीण."

कॅमेरा स्वतः लूसियाच्या दारापर्यंत नेऊन दिला. तो आत होता. मी आत गेले नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

उत्तर नाही. सकाळी एका कॅमेऱ्याची स्प्रिंग उडवली, ती सापडेना. एका ऑस्ट्रेलियन गिऱ्हाइकावर ओरडले – बिचारा फक्त बॅटरी मागत होता. दर दोन मिनिटांनी खिडकीशी. नऊला बोट सुटली तेव्हा डोळे ताणून पाहिलं. चाकावर फोलाऊ होता!

मग धक्क्याच्या टोकाला सेमिसी दिसला. पेटीवर बसलेला. कमरेला चटई बांधलेली – मान द्यायला बांधतात ती, चर्चची, चांगली. बुधवारी! लोक बघत जात होते, कुणाच्या घरी मयत झालं की काय म्हणून. मयत नव्हतं. बहिणीचा शब्द आला होता, आणि त्यानं तो मानानं घेतला होता. फोलाऊ नंतर सांगून गेला, बोटीच्या मालकालाही त्यानं तेवढंच सांगितलं – बहिणीनं उतर म्हटलं. ह्यावर कुणीही पुढे काही विचारलं नाही.

दुकान बंद करून मी आत बसून रडले. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

१८ ऑगस्ट, गुरुवार

लूसिया कॅमेरा घेऊन आली. "तुम्हाला दाखवायला सांगितलंय." कार्डावर एकच फोटो. एका कागदाचा, चारही कोपरे चौकटीत – डावा डोळा लावून काढला असणार. डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद. सेमिसीचं नाव. उजवा डोळा साखरेनं गेल्यात जमा, डाव्यालाही सुरुवात, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जा, बोट चालवू नका. तारीख १९ मे. त्याच डॉक्टरांच्या रांगेत मी चष्म्यासाठी उभी होते.

रागानं डोक्यात घण पडायला लागले. त्या फ्रेंच माणसाला काही झालं असतं तर! मग दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी दिसली. पुढे, तक्रारीच्या जागी, त्याच्या अक्षरात –

"मला आपणहून उतरता येत नव्हतं. तुझ्या शब्दासाठी कॅमेरा चार वेळा पाठवावा लागला."