नव्या डिस्क आणि आईचा हात

शनि. ४ ऑक्टो.
ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. आज परळचा पूल उतरताना आईलाही कळलं. गॅरेजवाल्याने दाखवलं, पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी चकत्या, झिजल्यात, त्यांना दाबून धरणाऱ्या पॅडसकट बदलायला हव्यात. दिवाळीनंतर आईला गावच्या जत्रेला न्यायचंय, घाट उतरायचाय, तेव्हा टाळून चालणार नाही. त्याला आठवडाभर वेळ नव्हता. मी ऐटीत म्हटलं, राहू दे, घरीच करतो.
शुभाला सांगितलं. म्हणाली, "पंखा पुसायला काढलास तर पाती उलटी बसवली होतीस." बायको आहे, बोलणारच. आता तर करणारच!

गुरु. ९ ऑक्टो.
सामान आलं. डिस्क हातात घेतल्यावर वजन कळलं. ऑफिसच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहणं चालू. तीन माणसं तीन तऱ्हेने सांगतात, पण शेवटी सगळे एकच सांगतात: काम झालं की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा. नवे बसवताना पॅड मागे ढकललेले असतात, पेडल दाबूनच ते परत डिस्कला टेकतात. नाहीतर पहिल्यांदा ब्रेक लागतच नाही.
हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.
आईने डिस्क देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. मी खेकसलो, ब्रेकच्या वस्तूला असलं काही लागता कामा नये. "मगे पुसून टाक. देवाक दाखवूक काय जाता?" पुसल्या. तसंही त्यांवरचं कारखान्याचं तेल पुसायचंच होतं.

रवि. १२ ऑक्टो.
सकाळी आठला कंपाउंडमध्ये गाडी घेतली, तोंड गेटकडे. आमच्या कंपाउंडला गेटकडे उतार आहे, म्हणून मागच्या चाकांना विटा लावल्या. जॅक, चाक, सगळं नीट. जुनी डिस्क गंजून चिकटलेली. हातोडीचे दणके ऐकून वरच्या गॅलऱ्या भरल्या. परबकाका खुर्ची घेऊन खालीच येऊन बसले. "चिंचपोकळीत गॅरेज कमी पडली काय रे?" मी हसलो. खरं सांगायचं तर आवडत होतं. लोक बघतायत, मी काळे हात घेऊन सराईतासारखा पाना मागतोय.
साडेबाराला दोन्ही चाकं परत चढली. नट आवळले, जॅक काढला. एवढ्यात आई ताट घेऊन खाली.
"नवी वस्तू चाकाक लावलंस आणि नारळ नाय?"
तिने पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. बंपरसमोर नारळ फोडला, चाकांवर पाणी शिंपडलं, समोरच उभी राहून गाडीला ओवाळलं. "चल, घे लिंबावरसून." परबकाकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी विटा काढल्या, बसलो, गाडी चालू केली, क्लच सोडला. लिंबं फुटली. ब्रेक दाबला.
पेडल सरळ खाली गेलं. काही नाही. पोकळ.
आई समोर. ताट हातात. तिने काचेतून माझं तोंड बघितलं. मागे सरकली, नारळाच्या पाण्यावरून पाय गेला, पडली. मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. बंपर आणि आई यांच्यात किती अंतर होतं ते मला लिहायचं नाही.
उजवं मनगट मोडलं. प्लास्टर, सहा आठवडे.
हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं कशा पडलात, तर मी तोंड उघडायच्या आत, "पाय सरकलो. नारळाचा पाणी होता."
शुभाने बाहेर बाकावर विचारलं, "ब्रेक लागला होता ना?"
मी म्हटलं, "लागला होता."

सोम. १३ ऑक्टो.
ऑफिसला जाण्याआधी गाडीत बसून पेडल दाबलं. चौथ्या दाबाला कडक झालं. एवढंच होतं. विसरलो म्हणावं तर तेही नाही, नट आवळताना डोक्यात होतं. ताट आलं, टाळ्या आल्या, आणि हिरोला घाई झाली.

शुक्र. १७ ऑक्टो.
वसुबारस. आई डाव्या हाताने चमच्याने जेवते. अर्धं खाली सांडतं, ते कोणी बघायच्या आत पदराने गोळा करते. शुभा तिची वेणी घालते, साडी नेसवते. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक झालंय की म्हातारी हौसेपायी पडली. दूधवाला मला म्हणाला, "माँजी को बोलो, अब आराम करो." मी म्हटलं, "हां."
लाज वाटते. लाज वाटते म्हणून तिच्या खोलीत जात नाही, आणि जात नाही म्हणून आणखी वाटते.
एकदा गेलो. म्हटलं, "आई, त्या दिवशी ब्रेक..." तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

गुरु. २३ ऑक्टो.
भाऊबीज. ताई वडाळ्याहून आली. माझी मोठी बहीण, तिचं तोंड म्हणजे पट्टा. ओवाळून झालं, जेवायला बसलो आणि आईचा चमचा बघून तिचा पट्टा सुरू झाला. "पंचाहत्तरी आली, गाडीपुढे नारळ फोडायची हौस फिटत नाही! पडलीस कोणामुळे? स्वतःमुळे. आता शुभाने तुझं करायचं. वर जत्रेला जायचंय म्हणे, घरात बस गप." आई खाली मान घालून भात गोळा करत होती.
श्रीखंड तोंडात फिरायला लागलं. म्हटलं, "ताई, गप्प बस. ब्रेक लागला नव्हता. माझं पेडल दाबून घ्यायचं राहिलं. गाडी तिच्या अंगावर गेली, म्हणून ती मागे सरली. माझ्यामुळे मोडला तिचा हात."
सांगून टाकलं! वाटलं, आता ताई मला सोलून काढेल. काढू दे.
आई म्हणाली, "काय तरीच. ब्रेक लागलो होतो. मिया समोर होतंय, माका म्हायत नाय?"
ताईचे डोळे भरले, आणि ते माझ्यासाठी! "बघा. आईला बोललेलं सहन होत नाही, तर स्वतःवर घेतोय. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं गं." माझ्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं.
मी दोनदा म्हटलं की खरं सांगतोय. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. का? श्रीखंड खाल्लं.
शुभा भांडी घासताना एवढंच म्हणाली, "मला 'लागला होता' म्हणाला होतास."

शुक्र. २४ ऑक्टो.
आईला विचारलं, खोटं का बोललीस. दार लोटलं होतं, कोणी नव्हतं.
"ताईचा काय, ती माका आज बोलतली, उद्या इसारतली. तुझ्यावर बोलली असती तर बारा म्हयने बोलली असती."
"मग बोलू दे ना."
"गप रव." डाव्या हाताने पदर सारखा केला, "तू आपणहून सांगलंस, माका बरा वाटला."
मला बरं वाटलं नाही. अकरा दिवस तिने एकटीने ऐकून घेतलं त्याचं काय? पाया पडायला वाकलो तर पाय वर घेतले, म्हणाली औषधाची वेळ झाली.

सोम. २४ नोव्हें.
प्लास्टर निघालं. हात काटकीसारखा झालाय, मूठ मिटत नाही. डॉक्टर म्हणाले रोज व्यायाम, पूर्ण कधी मिटेल सांगता येत नाही. टॅक्सीने गेलो-आलो. मी गाडी काढू म्हणालो होतो, तर "पार्किंग खंय गावताला थंय."
जत्रेचं मी काढलं. "एसटीन जाव्या. तू कित्याक एवढी गाडी चालवतंस?" गेली दहा वर्षं एसटीच्या नावाने बोटं मोडणारी बाई.

शनि. २९ नोव्हें.
सकाळी व्यायाम शिकायला तिला हॉस्पिटलात न्यायचं होतं. आज टॅक्सी मिळेना, तर "चल मगे" म्हणाली. मी आधी खाली गेलो. ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा पुन्हा दाबला, दगडासारखा. कंपाउंडमध्ये एक चक्कर मारली, दर चार हातांवर थांबवून बघितली. परबकाकांना वाटलं असेल याला वेड लागलं. मग गाडी जागेवर लावली, बंद केली, चावी काढून हातात धरली आणि वाट बघत बसलो.
आई उजवीकडच्या जिन्यातून आली. तिचं दार डावीकडे. बॉनेटसमोरून चार पावलं. ती हेडलाइटपर्यंत आली, थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मग वळली आणि मागून गेली. मागे गाडी आणि भिंत यांच्यामध्ये बादलीसुद्धा मावत नाही. आडवी होऊन, पोटाशी हात धरून, साडी भिंतीला घासत, सगळा वळसा घालून आली. बसली.
"चल."
मी विचारलं, "पुढून का नाही आलीस?"
"ऊन होता थंय."
आमच्या कंपाउंडमध्ये बारा वाजेपर्यंत ऊन येत नाही.