खंडेनवमीची पिन

कापूरहोळ फाटा,
आश्विन शुद्ध चतुर्दशी, रविवार

तीर्थस्वरूप कुंडलिकराव दाजींच्या पायांवर सावळारामाचा दंडवत. (पाठीत उसण भरली आहे म्हणून बसल्या जागेवरूनच घालतो आहे, तरी पुरता वाकलो असं समजावं.) इकडे सगळे खाऊनपिऊन आहोत. तुमचा दमा काय म्हणतो? ठकूअक्कानं माझ्या गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल मी घाईगर्दीत सौदामिनीच्या दाराच्या बिजागरीला घातलं. बिजागरी दुसऱ्या दिवसापासून करकरायची थांबली, तेव्हा औषध गुणकारी आहे असं अक्काला सांगावं. आणि सौदामिनी ही बाई नव्हे, लॉरी आहे, हेही तिला पुन्हा एकदा नीट समजावून सांगावं, कारण मागच्या पत्रानंतर तिनं माझ्या बायकोला, फुलाला, जे कळवलं त्यामुळे मला चार दिवस कोरडी भाकरी खावी लागली.

पत्र लिहिण्यास कारण की, मानसिंग ड्रायव्हर मंगळवारपासून कोठडीत आहे हे तुमच्या कानावर गेलंच असेल. उद्याचा दिवस गेला की मंगळवारी त्याला कचेरीत उभं करणार, आणि लॉरी बेफाम हाकून माणूस मारला म्हणून दोन वर्षं तरी आत घालणार, असं बंडूनाना म्हणतात. (बंडूनाना म्हणजे सौदामिनीचे मालक. भोरला वकिली करायचे. पक्षकार मिळेनात म्हणून लॉरी घेतली, आणि वीज म्हणून नाव ठेवलं सौदामिनी. पेट्रोल लढाईवर गेल्यापासून तिच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली आहे. सकाळी तासभर पंखा फिरवला की वीज चमकते, आणि मग बैलगाडीच्या मागोमाग चालू लागते.) मला आणि मानसिंगला तुम्हीच हाताला धरून शिकवलंत, मला लॉरीच्या खालून आणि त्याला वरून. म्हणून जे झालं ते तुम्हालाच सविस्तर कळवतो, म्हणजे यात कुणाचाच दोष नाही हे तुमच्याही ध्यानात येईल.

आधी त्या वहीचं सांगतो, कारण सगळ्या कटकटीचं मूळ ती वही. बंडूनानांचा जीव कागदात. लॉरी दारातून हलण्याआधी मिस्त्रीनं, म्हणजे मी, तिची तपासणी करून वहीत बावीस रकाने भरायचे असा त्यांचा कायदा. पाणी, तेल, चाकातली हवा, भोंगा, दिवे, कमानपाटे, ब्रेक, असं एकेक. प्रत्येकापुढे 'ठीक' लिहायचं आणि खाली सही. आता दाजी, डावा दिवा गेल्या शिमग्यापासून नाही. भोंगा फक्त डावीकडे वळताना वाजतो. हातब्रेक म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशी ठेवलेला काळा दगड. तरी बावीस वेळा ठीक! मी एकदा खरं लिहिलं होतं, 'दिवा नाही' म्हणून, तर नाना म्हणाले, सावळाराम, वही खराब केलीस. तेव्हापासून मी वही खराब करत नाही. तुम्ही शिकवलं होतंत की हातानं हलवून बघितल्याशिवाय तोंडातून ठीक हा शब्द काढायचा नाही. ते मी विसरलो नव्हतो. पण तुम्हाला बावीस रकाने भरावे लागत नव्हते. माणूस कंटाळतो हो. म्हणून घटस्थापनेच्या दिवशी दौत उघडलीच होती तर मी पुढच्या पंधरा दिवसांचे ठीक एका बैठकीत लिहून टाकले. अक्षर फार सुरेख आलं आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस साहेब लॉरी बघायला यायचे ठरले होते. म्हणून अष्टमीला मी सौदामिनीचं पोट उघडून सगळं धुतलं, पुसलं, वंगण घातलं. (हे मात्र मनापासून केलं. तुमची शपथ.) ब्रेकच्या पॅडलपासून मागच्या चाकांकडे जी लांब सळई जाते, ती पॅडलला जिनं अडकवलेली असते ती बोटाएवढी पिन झिजली आहे का बघायला काढली. झिजली नव्हती. फडक्यावर ठेवली आणि जेवायला गेलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या फुलानं पहाटेच पाने, पक्कड, हातोडी, जॅक, तेलाची झारी सगळं उचलून पाटावर मांडलं, आणि फडक्यावर ती पिन दिसली तीही चिंचेनं घासून, हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल वर ठेवून पूजेत बसवली. बिचारीला काय ठाऊक पिन कुठली ते! लोखंड दिसलं, मांडलं. सौदामिनीच्या पोटात शिरायचं ते लोखंड पाटावर बसून नैवेद्य खात होतं, आणि मी पण हात जोडले. लॉरी दसऱ्यापर्यंत हलायचीच नव्हती, मग घाई कसली?

तर दुपारी बंडूनाना धापा टाकत हजर. वेल्ह्याला कोळशाची पोती भरून तयार आहेत, आज उचलली नाहीत तर दुसरा उचलेल, लॉरी काढ. मी म्हटलं पिन पूजेत आहे. नाना म्हणाले, मग पूजेतून काढ. मी पाटाकडे वळलो तोच फुला आडवी आली. "हात लावू नगासा," म्हणाली. "गेल्या साली ह्याच दिवशी पाना उचललासा, आन् आठ दिसांत माझी सुलू हातरुणाला खिळली. आठवतंय का न्हाई?" आठवतं हो. एकवीस दिवस पोरगी तापात बरळत होती, उठली तेव्हा डोक्यावर केस नव्हते. माझा देवावर तुमच्याएवढाही विश्वास नाही, पण फुलाच्या तोंडाकडे बघून माझा हात मागे आला. खरं सांगतो, मी पण भ्यालो. मागच्या पत्रात तुमच्याकडे तसल्या दोन पिना जादा मागवल्या होत्या, तुम्ही कळवलंत की लढाई संपल्यावर मिळतील. (म्हणजे थोडा दोष हिटलरचा आणि थोडा तुमचा.) शेवटी कुडाला ठोकलेला चार इंची खिळा उपटला, पिनेच्या भोकात घातला आणि पक्कडही पाटावर होती म्हणून दगडानं ठोकून वाकवला. पॅडल दाबून बघितलं. लागलं. मानसिंगला सांगणार होतो की खिळा आहे, सांभाळून. पण तो आपला नेहमीसारखा आला, वही उघडली, ब्रेकपुढे ठीक बघितलं, म्हणाला, "मिस्त्रीनं ठीक लिव्हलंय, मंग काय बघायचं!" नाना शेजारी उभे. त्यांच्यासमोर वही खोटी कशी ठरवू? मी वही मिटून नानांच्या हातात दिली, आणि सौदामिनी धूर सोडत गेली.

जाताना रिकामी होती, खिळ्यानं भार सोसला. येताना साठ पोती. वेल्ह्याकडून येताना नसरापूरच्या अलीकडे जो उतार आहे तिथं खिळा तुटला. मानसिंग म्हणतो, पॅडल दाबलं ते पार तळाला टेकलं. त्यानं भोंगा वाजवला, तर वळण नेमकं उजवीकडचं. उताराच्या पायथ्याशी वडाखाली गेनबा दसऱ्यासाठी झेंडू आणि आपट्याच्या डहाळ्या विकायला बसला होता. साठीचा म्हातारा, पायाला कुरूप, चटकन उठता येत नव्हतं. मानसिंगनं लॉरी डोंगराला घातली, पुढची बाजू चेपली, स्वतःचं कपाळ फोडून घेतलं, पण मागची बाजू फिरली आणि वडाखालून गेली. गेनबा जागच्या जागी गेला, दाजी. त्याची म्हातारी धोंडाबाई पाण्याची घागर घेऊन येत होती. मी हे विनोदानं लिहायला बसलो होतो, पण इथं काही सुचत नाही.

दसऱ्याला सकाळी फुलानं पूजा उतरवली, आणि मी हत्यारं घेऊन नसरापूरला गेलो. लॉरीपाशी एक शिपाई राखण बसला होता. भट्टी विझली का बघतो म्हणून मी खाली शिरलो. सळई लोंबत होती. बंडीच्या खिशातून पिन काढली आणि बसवली. अर्धा मिनिट लागला. जे काम दोन दिवस राहिलं होतं ते अर्ध्या मिनिटात झालं! खिळ्याचा अर्धा तुकडा तिथंच धुळीत सापडला, तो खिशात टाकला. बाहेर आलो तर शिपायानं रस्त्यावर सांडलेल्या डहाळीची चार पानं तोडून माझ्या तेलकट हातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या मिस्त्री, सोनं घ्या. सोन्यासारखं ऱ्हावा." गेनबाच्याच डहाळीची. मी घेतली. न घेऊन काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेब ठरल्या वेळी आले, नसरापूरला जाऊन त्यांनी लॉरी खालून वरून तपासली. गृहस्थ कामाला चोख. पिन हातानं हलवून बघितली, तुम्ही शिकवलंत तशी. त्यांच्या बोटाला हळद लागली. हसून म्हणाले, तुम्ही लोक फार भाविक. मग लिहिलं: ब्रेक ठीक. वहीतलं ठीक आणि त्यांचं ठीक एकमेकांना जुळलं, बंडूनानांना आनंद झाला, आणि ब्रेक ठीक असताना माणूस मेला म्हणजे दोष ड्रायव्हरचा हे कुणी न सांगता ठरलं.

तर असं आहे. फुलानं देवाचं केलं, नानांनी धंद्याचं केलं, साहेबांनी सरकारचं केलं, मी वहीचं केलं. ज्यानं त्यानं आपापलं काम केलं, त्यात गेनबा वडाखाली बसला हे त्याचं नशीब. चार दिवस मी हेच स्वतःला समजावतो आहे आणि पालथ्या घड्यावर पाणी पडतं आहे. तुम्हाला पटलं तर उलट टपाली कळवावं. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सावळाराम

ता. क. – खरं काम राहिलंच. पत्र पुण्याच्या मोटारीच्या ड्रायव्हराबरोबर पाठवतो आहे, सोबत एक पुडकं आहे. त्यात तो खिळ्याचा तुकडा आहे. न उघडता लकडी पुलावरून मुठेत टाकावा. इथं नीरेत टाकायला दोनदा भोरला जाऊन आलो, पण दोन्ही वेळा काठावर ओळखीचं कुणी तरी भेटलं आणि मिस्त्री, इकडं कुठं असं विचारलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणखी ता. क. – मोटार अजून आली नाही. मघाशी मानसिंगची रतनबाई येऊन गेली. कोठडीत भाकरी देऊन परत चालली होती. मला वाटलं शिव्या देईल, तर पदरातून दोन सीताफळं काढून सुलूसाठी ठेवली. म्हणाली, मानसिंगनं निरोप दिलाय. "मिस्त्रीला सांग, मनाला लावून घेऊ नगं. त्यानं ठीक लिव्हलं, सायबानं बी ठीक लिव्हलं, मंजी ब्रेक ठीकच व्हता. माझाच पाय चुकला आसंल. म्या मंगळवारी तसंच सांगनार हाय." चौदा वर्षं झाली आम्हाला एका लॉरीवर, त्याचा पाय कधी चुकलेला मी बघितला नाही. आणि आता माझ्या सुरेख अक्षरापायी त्याला स्वतःच्या पायाची खात्री राहिली नाही.

शेवटची ता. क. – मोटारीची धूळ दिसते आहे म्हणून घाईनं लिहितो. पुडकं पाठवत नाही, शोधू नये. खिळा माझ्या खिशात आहे आणि मंगळवारी कचेरीत मी तो वहीवर ठेवणार आहे. तेव्हा सोमवारी रात्रीपर्यंत तुम्ही आणि अक्का इथं यावं, कारण मी किती दिवसांनी घरी येईन ते ठाऊक नाही, आणि फुलाला व सुलूला कुणी तरी जवळ पाहिजे. फुलाला अजून काही माहीत नाही. तिला कळेल तेव्हा ती म्हणेल की माझ्या पूजेनं माणूस मेला. तसं तिला म्हणू देऊ नका. पूजा ठीक होती, हे तिला माझ्या नावानं सांगा. हा एक ठीक मी हातानं हलवून बघून लिहितो आहे.

येताना कुठूनही, कितीही जुन्या असोत, तसल्या दोन पिना शोधून आणा. एक सौदामिनीला, पुढचा मिस्त्री बसवेल. आणि एक फुलाला, पुढच्या खंडेनवमीला पाटावर मांडायला.