डाव्या हातानं रोज एक पान

पप्पा, आज सकाळी वही उघडली आणि पुन्हा तेच झालं. तुम्ही माझ्या मागं फरशीवर बसलाय आणि पेन कागदावर खरडतंय, असा आवाज. मारुंजीतल्या या भाड्याच्या खोलीत तुम्ही कधी आलाच नाहीत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. कंपनीची कॅब यायच्या आधी तासभर मी कथा लिहायला बसते. पाठवलेल्या सगळ्या परत आल्या, आणि गेले कित्येक दिवस एक ओळ सरकत नाही. मी नुसती बसते. मागं खरखर चालू असते.

चाकणच्या वर्कशॉपात प्रेस मशीनखाली तुमच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा मी सातवीत होते. मालक म्हणाला, स्टोअरमध्ये ठेवतो, पण नोंदी लिहिता आल्या पाहिजेत. तुम्ही माझी दुरेघी वही मागून घेतलीत. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही ओट्यापाशी मांडी घालून डाव्या हातानं 'अ' काढताय. अक्षर कोलमडतं, घामानं कागद ओला होतो. रोज एक पान. ते भरल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, असं तुम्हीच ठरवलेलं.

एका संध्याकाळी तुम्ही पेन भिरकावलंत. "न्हाई जमत. संपलं आता," म्हणालात आणि भिंतीकडं तोंड करून पडलात. मला बघवेना. मी माझ्या डाव्या हातानं वेडंवाकडं पान भरलं आणि तुमच्या उशाशी ठेवलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही ते पाहिलंत आणि टराटरा फाडलंत. "माझं पान हाय ते. घाण आलं तरी मीच लिहिणार. तू न्हाई." इतक्या रागानं तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. मी रडत जेवले. तुम्ही उठून बसलात आणि आमची भांडी घासून होईपर्यंत लिहीत राहिलात.

वर्षभरानं अक्षर सरळ झालं, तोवर स्टोअरला दुसरा माणूस लागला होता. तुम्हाला गेटवर बसवलं. दिवसभर गाड्यांचे नंबर लिहायचात, तरी घरी आल्यावर वही काढायचात.

"आता कशाला?" आईनं विचारलं.

"सुटलं तर परत धरता यायचं न्हाई," एवढंच बोललात.

शेवटी दवाखान्यात तुमचा आवाज पार खोल गेला होता. एका दुपारी विचारलंत, "वही आणलीस का गं?"

"घरी राहिली," मी म्हणाले.

"उद्या आण."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणालाच ओळखलं नाहीत.

आज चार ओळी झाल्या, पप्पा. चांगल्या नाहीत. त्यातली एकही मी खोडली नाही. तुम्हाला लिहिलेलं हे पान मात्र कुठं पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. कारण मी सगळ्यांना सांगत आले की माझे वडील शेवटपर्यंत लिहीत होते, आणि ते खरं नाही. त्या दुपारी वही माझ्या पिशवीतच होती. तुम्हाला उठवून बसवायचं, पान भरेपर्यंत मनगटाला आधार द्यायचा, याचा मला कंटाळा आला होता.