आकाशाचा रंग चुकलेल्या अकरा वह्या

मी, सौ. शैलजा मधुकर टिळेकर, वय पन्नास, मूळची नाशिकची, गेली तेरा वर्षे दोह्यात राहणारी, कोणाच्या दडपणाविना हे लिहवून घेत आहे. बुद्धी शाबूत आहे. डोळे मधुमेहाने गेले, आता मूत्रपिंडेही जातील असे डॉक्टरांनी सांगितले आहे. म्हणून शेजारच्या सौ. रुकैया मुकादम, चिपळूणच्या, मी सांगते तसे लिहीत आहेत.

१. नाशिकच्या घरातला माझा निम्मा हिस्सा यजमानांना, श्री. मधुकर यांना द्यावा.

२. पाटल्या आणि मोहनमाळ मुलगी उल्काला. मोडून दुसरे काही केले तरी माझी हरकत नाही.

३. रंगांची पेटी आणि भिंग रुकैयांना. त्या नको म्हणत आहेत. तरी लिहा, म्हटले.

४. उरल्या कपाटातल्या अकरा वह्या. त्यांत युरोपातल्या निसर्गचित्रांचा इतिहास मी मराठीत लिहिला आहे. लग्नाआधी मी चित्रकला शिकवायची. इथे आल्यावर यजमान प्लांटवर, उल्का शाळेत, आणि मी एसीपाशी एक जुना चित्रसंग्रह घेऊन बसलेली. आधी चित्रांतल्या ख्रिस्ती संतांच्या पाठीमागे खिडकीतून दिसणारा एवढासा डोंगर. मग हॉलंडच्या चित्रकारांनी जमीन खाली ढकलली आणि सगळी जागा आकाशाला दिली. एका इंग्रज चित्रकाराने ढग रंगवून त्या कागदांच्या मागे तारखा घातल्या. फ्रेंचांनी रंगाच्या ट्यूबा घेऊन घराबाहेर बैठक मारली. हे सगळे लिहायला सात वर्षे गेली. पुण्याच्या प्रकाशकाने छापायचे कबूलही केले.

एक्क्याऐंशीच्या सुट्टीत आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला गेलो. संग्रहालयात मी प्रथमच खरे डच आकाश पाहिले. ते निळे होते. ढग थंड, पांढरे, कडेला करडे. माझ्याकडच्या जुन्या चित्रसंग्रहातली छपाई पिवळी पडलेली होती. तिच्यावरून मी लिहिले होते की डचांनी आकाश मातकट रंगवले, आणि ते का, यावर पाच वह्या भरल्या होत्या. धुळीच्या दिवसांत माझ्या खिडकीतून जे दिसायचे, तेच मी हॉलंडवर चिकटवले होते. मी बाकावर बसले. उल्काला भूक लागली होती, म्हणून आम्ही वीस मिनिटांत बाहेर पडलो.

दोह्याला परतल्यावर मी प्रकाशकाला नकार कळवला. यजमान फार चिडले. एरवी ते आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही.

"कोणाला कळणार आहे, शैलू? आपल्यातलं कोण जाऊन बघणार आहे?"

त्यांचे बरोबर होते.  मी दुरुस्त्या सुरू केल्या. दुसऱ्या वहीच्या मध्यापर्यंत आले आणि अक्षरे विरघळू लागली.

पुढच्या दुरुस्त्या करशील का, असे उल्काला विचारून झाले. ती "आई, आय कान्ट रीड धिस," म्हणाली. शाळा आम्हीच निवडली होती, तिला बोल लावत नाही. रुकैयांनी चार वह्या मला वाचून दाखवल्या. त्यांना त्या आवडल्या, चुकीची पाने सर्वांत जास्त. पण मार्चमध्ये त्यांचा व्हिसा संपतो आहे.

यजमानांनी परवा माझ्या उशाशी बसून सांगितले की वर्षश्राद्धापर्यंत ते पुस्तक काढतील, माझ्या फोटोसह. ते रडत होते. मी हात धरून ठेवला, पण होकार दिला नाही. म्हणून इथे लिहवते: वह्या छापू नयेत. फाडून टाकाव्यात.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करावी? भाऊ नाही, दीर नाही, ओळखीचे सगळे परतीच्या वाटेवर. यजमानांनाच नेमते. ते काय करतील हे मला माहीत आहे.

सही: शैलजा मधुकर टिळेकर
साक्षीदार: १. संजीव ओक, इंजिनिअर. २. उस्मान परकार, फार्मसिस्ट.
दोहा, ११ जानेवारी १९८७

लेखनिकेची नोंद: हे सर्व मी बाईंना दोनदा वाचून दाखवले. सही करताना त्यांनी विचारले, ओळीवर आली का. मी हो म्हटले. सही ओळीच्या खूप खाली, कागदाच्या कडेला गेली आहे, पण त्यांचीच आहे. — रुकैया मुकादम