कमी धक्क्याचं काडतूस

११ जानेवारी, शनिवार
आज दुपारी घरावर हल्ला झाला. म्हणजे होऊ शकला असता. दार धाडधाड वाजलं. बाहेर काळ्या जॅकेटमधला धिप्पाड माणूस, तोंड झाकलेलं. (उणे चोवीस होतं, आज ओंटारिओतल्या आमच्या अख्ख्या कनाटा गावाने तोंड झाकलं होतं. पण हे नंतर सुचतं.) मी ताबडतोब बेसमेंट वॉशरूममध्ये मोर्चा सांभाळला. शेवटचा बुरूज कुणीतरी राखायला हवाच. आतून कडी लावली. कडीशिवाय बुरूज कसला?

आनंदीने सरळ दार उघडलं. तो वॉटर हीटर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा सेल्समन निघाला. तिने त्याला आत बोलावून आल्याचा चहा पाजला. माझ्या बायकोला माणसांची पारखच नाही.

तिचं म्हणणं, मी आतून बारीक आवाजात "गेला का?" असं विचारलं. धादांत खोटं. मी "कोण आहे रे तिकडे?" असं दरडावलं होतं. बेसमेंटच्या पाइपांमधून आवाज बदलतो.

संकल्प: हँडगन. स्वसंरक्षणासाठी.

१२ जानेवारी
दिवसभर अभ्यास. लोक मूर्खासारखे आधी गन घेतात आणि मग काडतुसं शोधतात. आमच्या घरात मिक्सर घ्यायला आठ महिने लागले होते, म्हणून तो एकोणीस वर्षं चालतोय. मुद्दा काडतुसाचा आहे. गन म्हणजे नुसती नळी.

मुख्य अडचण रिकॉइल. बार काढला की गन हाताला मागे धक्का देते. माझं उजवं मनगट बॅडमिंटनमध्ये दुखावलेलं आहे (डबल्स, उपांत्य फेरी). आनंदीच्या मते ते लोणच्याची बरणी उघडताना दुखावलं. असो. तेव्हा कमी धक्क्याचं काडतूस आधी ठरवायचं.

केयाला थोडक्यात समजावून सांगितलं. सोळा वर्षांची झाली, पण फोनमधून मान वर नाही. म्हणाली, "बाबा, लिटरली नोबडी इज कमिंग फॉर यू." या पिढीचं अवघड आहे.

१८ जानेवारी
मंडळाची संक्रांत. तिळगूळ कडक, भाषणं त्याहून कडक. बायकांच्या घोळक्यात आनंदीने त्या दिवशीची गोष्ट सांगितली, "गेला का?"सकट, आवाज काढून. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? ट्रेव्हर. हा वसईचा, बिनकामाचा हसरा माणूस. फर्नेस दुरुस्त करतो आणि मंडळाच्या एकूण एक जेवणाला हजर असतो.

पुढचं ऐकून तिळगूळ घशात अडकला. पाडव्याच्या कार्यक्रमात दरवर्षी एक विनोदी नाटुकलं असतं. यंदा ते आनंदी लिहिणार. नाव ठरलंसुद्धा: "गेला का?" माझं काम ट्रेव्हर करणार.

म्हणजे पाडव्याच्या आत शस्त्रसज्ज होऊन सगळ्यांची तोंडं बंद करणं आलं. नाहीतर दीडशे माणसांसमोर अब्रूचा पंचनामा.

२६ जानेवारी
ॲरिझोनातल्या एका दाढीवाल्याचे सगळे व्हिडिओ संपवले. माणूस अडाणी आहे, पण माहिती बरी आहे.

निष्कर्ष: पॉइंट टू टूचं काडतूस फार किरकोळ. पोरांचा खेळ. पॉइंट थर्टी एट स्पेशलमध्ये चपट्या तोंडाचं एक मवाळ काडतूस मिळतं, पण ते निवृत्त लोकांसाठी. माझी निवड: नाइन एमएम, १४७ ग्रेन. म्हणजे गोळीचं वजन जास्त, वेग कमी. धक्का फटकन बसत नाही, रेटा दिल्यासारखा येतो. दाढीवाल्याला या निष्कर्षापर्यंत यायला बावीस वर्षं लागली. मला दोन आठवडे.

ट्रेव्हरला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, तुमी आदी कंदी फायर केलाय का?" अशा माणसाशी काय बोलणार? पोहण्यावर बोलायला पाण्यात पडावं लागतं थोडंच!

नंतर कळलं की हा गेली बारा वर्षं शूटिंग क्लबचा मेंबर आहे. त्याच्याकडे स्वतःची हँडगन आहे. म्हणून काय झालं? ड्रायव्हरला इंजिन कळतंच असं नाही.

२ फेब्रुवारी
सराव सुरू. गनऐवजी पुण्याहून आणलेला गॅसचा लायटर. इथे विजेची शेगडी असल्यामुळे तो फक्त निरांजनापुरता उरला आहे. पकड उत्तम. खटका दाबायचा, मनगट हलू द्यायचं नाही. आज धक्का अजिबात जाणवला नाही.

संध्याकाळी अंगठा सुजला. आनंदीने हळद लावली आणि लायटर देवघरात परत ठेवला. मग वहीत काहीतरी टिपून घेतलं.

९ फेब्रुवारी
मेहुणा पुष्कर न्यू जर्सीहून गाडीने येतोय. त्याला मेसेज केला की येताना चितळ्यांच्या भाकरवडीबरोबर १४७ ग्रेनचा एक बॉक्स आण. लोक काय काय मागवतात! मागच्या वेळी आनंदीने इडलीपात्र मागवलं होतं.

पुष्करने तो मेसेज जसाच्या तसा फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भावजी मला जेलात पाठवतायत." नाशिकहून सासूबाईंचा फोन. त्यांना अर्धा तास रिकॉइल समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, मनगटाला शेक देताय का?

भ्याड खानदान.

२२ फेब्रुवारी
लायसन्ससाठी फायरआर्म्स सेफ्टीचा कोर्स. शिकवायला हेझल नावाची बाई. निवृत्त शिक्षिका, स्वेटरवर हरीण. हिच्याकडून मी काय शिकणार, असं मनात म्हणतच बसलो.

तिने प्रत्येकाला विचारलं की कशासाठी आलात. कुणी हरणाच्या शिकारीसाठी, कुणी शेतात घुसणाऱ्या कोयोटी कोल्ह्यांसाठी. मी म्हणालो, पर्सनल डिफेन्स, आणि १४७ ग्रेनवर चार वाक्यं बोललो. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, छाप पडली.

हेझलबाईंनी अत्यंत प्रेमाने सांगितलं की डिअर, या देशात ते कारण चालत नाही. शिवाय सामान्य माणसाला नवी हँडगन विकत घेणं ऑक्टोबर २०२२ पासून बंद आहे. आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांनीही ती रिकामी, ट्रिगरला कुलूप लावून, कुलूपबंद पेटीत ठेवायची.

दाढीवाल्याने हे सांगितलं नाही. तो ॲरिझोनात आहे, मी ओंटारिओत आहे. ही त्याच्या अभ्यासातली त्रुटी.

तरी मी डगमगलेलो नाही. कायदे बदलतात. उद्या बंदी उठली की ही सगळी माणसं दुकानात गोंधळून उभी राहतील, आणि माझं काडतूस ठरलेलं असेल. पेटी कुठे बसवायची तेही ठरवलं: बेसमेंट वॉशरूम. प्रसंगी मी तिथे असणारच.

८ मार्च
अखेर प्रात्यक्षिक. ट्रेव्हर त्याच्या क्लबात पाहुणा म्हणून घेऊन गेला. स्वतःहून म्हणाला, मी आग्रह केला नव्हता. रस्ताभर वसईच्या केळ्यांबद्दल बोलत होता.

त्याने आधी पॉइंट टू टू पुढे केली. धक्का जवळजवळ नसतोच, म्हणाला. मी नकार दिला. मग त्याने नाइन एमएम काढली आणि १४७ ग्रेनची काडतुसं भरली. त्याच्याकडे होतीच. म्हणजे माझी निवड बरोबर ठरली, हे इथे ठळक नोंदवतो.

एक बार काढला.

निरीक्षणं: (अ) धक्का खरोखरच कमी होता. (आ) आवाजाबद्दल दाढीवाला काहीच बोलला नव्हता. (इ) डोळे आपोआप मिटले, ते शास्त्रीय आहे. (ई) माझ्या कागदावर भोक नव्हतं. शेजारच्या गोऱ्याच्या कागदावर त्याने न पाडलेलं एक भोक होतं, त्यावरून तो उगाच बोलत बसला.

त्यानंतर मी वॉशरूममध्ये गेलो. पाणी प्यायलो होतो. क्लबची वॉशरूम स्वच्छ आहे आणि कडी मजबूत आहे. थोड्या वेळाने ट्रेव्हरने दार वाजवलं. मी आतून काय विचारलं ते मला आठवत नाही. तो म्हणतो, त्याला आठवतं.

परतताना त्याने कॉफी पाजली आणि घरी कुणाला सांगणार नाही म्हणाला. मला त्याचा उपकार नकोय. पण सांगणार नाही म्हणाला, ते बरं केलं.

९ मार्च
सांगितलंच त्याने. आनंदीने नाटुकल्याला दुसरा अंक जोडला.

रागाने तिला विचारलं की नवऱ्याची फजिती करायची इतकी हौस का? ती पोळी लाटताना म्हणाली, "गुरु, तू घाबरलास त्याचं मला काहीच नाही. मीपण घाबरले होते. तू मला वर एकटी सोडून गेलास, आणि नंतर दोन महिने काडतुसांबद्दल बोलत राहिलास. एकदा तरी विचारायचंस, तुला भीती वाटली का म्हणून."

मी शेकाची पिशवी शोधायला गेलो. मनगट दुखत होतं.

१६ मार्च
आमच्या हॉलमध्ये तालीम. मी वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसलो, तटस्थ. नाटक भिकार आहे. ट्रेव्हरचा अभिनय त्याहून भिकार. दाराआडून "गेला का?" हे एवढं वाक्य त्याला जमेना. एकदा गुरखा ओरडल्यासारखं, एकदा मेलेल्याची चौकशी केल्यासारखं. आनंदी दहादा सांगून थकली. मला ऐकवेना. अशा बेफिकिरीला मी आयुष्यात कधी क्षमा केलेली नाही.

शेवटी उठलो. म्हणालो, अरे, घशातून नाही काढायचं ते. श्वास अर्धा सोडायचा, कडीवर हात ठेवायचा, दाराला कान लावायचा, आणि मग. खाली बेसमेंट वॉशरूममध्ये गेलो, कडी लावली आणि एकदाच म्हणून दाखवलं.

मग जिन्यावरून आनंदीचा आवाज आला.

"अगदी असंच."

पाडव्याला ते काम मी करतोय. रंगमंचावर यायचं नाही, दाराआडच उभं राहायचं आहे. वाक्य एकच आहे, पाठ करावं लागणार नाही.