ह्यांच्या नावाची लाल रेघ

राइट टाउन, जबलपूर
दसऱ्यानंतरचा मंगळवार

प्रिय सुशांतभाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून अमिताच्या खांद्यावर हात ठेवूनच वर जाता? साखर तपासली का? (दिवाळीच्या आधी तपासा, नंतर तपासून नुसतं वाईट वाटतं.) इकडे मी ठीक आहे, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने. एरवी सध्या इतकी घाबरलेली आहे की भरदुपारी बेल वाजली तरी आधी देवाचं नाव घेते आणि मग विचारते, कौन है.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तर फोन त्याच वायफायवर चालतो ज्याच्यावर टीव्ही चालतो, आणि जे सांगायचं आहे ते टीव्हीबद्दलच आहे. त्याच्या कानावर जाऊ नये असं मला वाटतं.

तुम्हाला आठवत असेल, गौरांगने आम्हाला टीव्हीच्या मागे खोचायची ती काडी पाठवली होती. टीव्ही लावला की ती आधी विचारते, कोण बघणार? खाली दोन चौकटी. ‘आई’ या नावाची, त्यात हसरी मांजर. आणि ‘बाबा’ या नावाची, त्यात चष्मा घातलेलं घुबड. (घुबड बदल, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. माझं कोण ऐकतं?) तुमचे दादा रोज दिवेलागणीला घुबडावर बोट ठेवून आपली ती जुनी मालिका लावायचे. तीच, रागीट सासरा, दोन सुना आणि गच्चीवर तबला शिकणारा भाडेकरू. भागाची शेवटची पाच मिनिटं उरली की मात्र उठायचे. ‘चलो, आता रडारड सुरू होईल’ असं म्हणत पंखा बंद करून थेट स्वयंपाकघरात. टीव्हीवर लागायची तेव्हापासूनची ही सवय. त्यामुळे इतक्या वर्षांत मीही एका भागाचा शेवट पाहिलेला नाही, कारण ह्यांच्यामागे पानं वाढायला धावणारी मीच.

हे गेल्यावर मी ती चौकट उघडली नव्हती. वर्षश्राद्ध झालं, आणि या नवरात्रात एका संध्याकाळी चुकून घुबडावर गेले. आत आपली मालिका होती आणि तिच्याखाली ती बारीक लाल रेघ, कुठवर पाहून झालं ते दाखवणारी. नववा भाग, पाच मिनिटं शिल्लक. ह्यांनी सोडलं ते इथेच, असं वाटून डोळे भरून आले आणि मी टीव्ही बंद केला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उघडला (खरं सांगते, रेघेला नमस्कार करायला), तर रेघ दहाव्या भागावर! पुढच्या दिवशी अकराव्या. आणि भाऊजी, दर वेळी शेवटची पाच मिनिटं तशीच सोडलेली.

गौरांगला फोन केला. तो म्हणाला, ‘आई, काहून घाबरून राहिली? कोणीतरी बाबांचा पासवर्ड वापरून राहिलं. बदलून टाकतो.’ शक्य आहे म्हणा. तुमच्या दादांनी तो पासवर्ड गॅलरीत उभं राहून फोनवर असा काही ओरडून सांगितला होता की गल्लीतल्या भाजीवाल्यालाही पाठ असेल. तरी मी बदलू दिला नाही. बदलला आणि त्यानंतरही रेघ सरकली, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? (आणि सरकायची थांबली तर, हे मात्र मी त्याला बोलले नाही.)

शेजारच्या लतिकाने तर निकालच देऊन टाकला. ‘भाभी, ये तो भाईसाहब ही हैं. सीरियल पूरा कहाँ देख पाए थे बेचारे!’ तिच्या मते ग्वारीघाटावर दीपदान करावं आणि त्याच दिव्याबरोबर ती काडीही नर्मदेत सोडावी. मी तिला म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ॲग्नेस सांगायच्या की आत्मा एकच, तो पवित्र; बाकीचे सगळे पोट बिघडल्यामुळे दिसतात. पण सिस्टरच्या काळात आत्म्यांना पासवर्ड नव्हते. मी त्या दिवसापासून दोन्ही वेळ मऊ भात खाल्ला, तरी भीती गेली नाही.

शेवटी काडी काढून तांदळाच्या डब्यात पुरली आणि माळ्यावरून मालिकेच्या डिस्क काढल्या. आठवतात? तुम्ही दोघे भाऊ सदर बाजारातून घेऊन आला होता तो सबंध संच, आणि घरी आल्यावर कळलं की प्लेयर आपल्याकडे नाही, तो मागाहून घ्यावा लागला. डिस्कचं एक बरं असतं भाऊजी. डब्यात ठेवली की डब्यातच राहते. माझी पाठ वळल्यावर एकटीच पुढे जात नाही. कोण बघणार, असं विचारत नाही. आणि थोडा वेळ गप्प बसलं की ‘अजून पाहताय ना?’ असंही नाही. एकट्या बाईला विचारायचा प्रश्न आहे का हा?

पण प्लेयरनेही कमी भीती घातली नाही. त्याचा ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेर येतो आणि डिस्क नीट ठेवायच्या आत झटकन परत जातो. पहिल्या दिवशी नुसता शीर्षकगीताचा तुकडाच फिरत राहिला. पुढे जायला काहीतरी दाबायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी तो आरतीसारखा हात जोडून ऐकला. दुसऱ्या दिवशी सासरा ‘निकल जा मेरे घर से’ म्हणताना मध्येच गोठला, तोंड उघडं, नजर थेट माझ्यावर. मी उदबत्ती लावली. मग डिस्क काढून उजेडात धरली, तर तिच्यावर पिवळा ठसा. अंगठ्याचा. ह्यांना चिवडा खाता खाता डिस्क बदलायची सवय होती. मऊ सुती साडीच्या तुकड्याने मधून बाहेर पुसायची असते, तशी पुसली. अंगठा तेवढा राहू दिला. सासरा रोज तिथे अडखळतो. अडखळू दे.

शिवाय रिमोट सापडत नाही, आणि प्लेयरचं बंद करायचं बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. बंद करायचा म्हणजे टीव्हीच्या मागे हात घालून प्लग ओढायचा, आणि मागे पाल राहते. त्यामुळे भाग एकदा सुरू झाला की संपेपर्यंत पाय वर घेऊन बसून राहावं लागतं.

तर असं आहे. आता घरात मोठे तुम्हीच. दीपदान करू का? काडी सोडू का नर्मदेत? तुम्ही सांगाल तसं करीन. अमिताला आशीर्वाद.

तुमची घाबरट वहिनी,
प्रतिमा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच अमिताचा फोन आला, दिवाळीला वर्ध्याला येणार का म्हणून. ती बोलत होती आणि तिच्या मागे टीव्हीवर आपला सासरा खोकत होता. तो खोकला मी यात्रेच्या गर्दीतही ओळखीन. मग एकदम सगळं शांत झालं. अमिता म्हणाली, ‘उठले पाहा तुमचे भाऊजी. रोजचंच आहे, म्हणतात आता रडारड सुरू होईल.’ मी वेताच्या मोड्यावर बसले. मामंजी तुम्हा दोघांना हेच वाक्य म्हणून टीव्हीसमोरून उठवायचे, हे मी साफ विसरले होते. आणि दादा पासवर्ड ओरडत होते तेव्हा फोनच्या पलीकडे कोण होतं, हेही. हायसं वाटलं. नंतर बराच वेळ रडले, ते काहून ते मला विचारू नका.

ता. क. दोन. दीपदान रद्द. पण एक सांगते. पालीच्या कृपेने ती शेवटची पाच मिनिटं मी आता बऱ्याच भागांची पाहिली. त्यात कोणी रडत नाही हो! सासरा घरातले दिवे मालवत येतो, भांडलेले सगळे जण स्वयंपाकघरात उरलेली पोळी खाताना त्याला सापडतात, आणि मग तोही त्यांच्यात बसतो. एवढंच. एवढ्याला घाबरून तुमच्या घरातले पुरुष आजवर उठत आले.

ता. क. तीन. गौरांगने माझं न ऐकता पासवर्ड बदललाच. उद्या टीव्हीने तुम्हाला ओळख दिली नाही, तर घाबरू नका. हे पत्र स्पीडपोस्टने पाठवते आहे, कारण पासवर्ड ओरडून सांगायची आपल्या घरची पद्धत आता बंद. काडी तांदळातून काढून झटकून पुन्हा लावली आहे. घुबडावरच बघत जा, रोज एकच भाग. मी दिवेलागणीला रेघ पाहते. नवा पासवर्ड काय ठेवू, असं गौरांगने विचारलं तेव्हा मीच सांगितला. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून लिहा: शेवटपर्यंतबसा.